दांडीवाला कीबोर्ड

विमा कंपनीत मी लोकांना नाही म्हणतो. म्हणजे 'नाही' हे दुसराच कोणीतरी ठरवतो, मी ते सभ्य भाषेत कळवतो. 'आपल्या दाव्याचा सहानुभूतीने विचार करण्यात आला, तथापि' इथपर्यंत सगळ्यांना एकच मजकूर. तथापिनंतर ज्याचं त्याचं नशीब. इतकी वर्षं हे काम मी ऑफिसच्या चपट्या कीबोर्डवर करत आलो. त्याचं बटण दाबलं तरी दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळत नाही. ओल्या बिस्किटावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. पण कोणी कधी तक्रार केली नाही. मीही केली नाही. तक्रारी आमच्याकडे बाहेरून येतात.

तर एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर काहीबाही बघताना मला तो दिसला. टाइपरायटरसारखा कीबोर्ड. गोल बटणं, प्रत्येक बटणाला चंदेरी कडा, मागच्या बाजूला एक खाच. जुन्या यंत्रात कागद खोचायचे तसा त्या खाचेत टॅबलेट खोचायचा. आणि डाव्या हाताला एक वाकडी दांडी. टाइपरायटरची ओळ संपली की ओढायचे ना, तीच. आणि ती नुसती शोभेची नव्हती! ओढली की स्क्रीनवर खरोखर नवी ओळ. ज्या यंत्रात सरकायला काही नाही, त्याला सरकवायची दांडी! हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल आणि त्याला त्याच्या घरचे काय म्हणाले असतील, या विचारात माझा डबा तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत मी तो मागवला होता.

माझ्या स्वभावात उधळेपणा नाही. कुतूहल आहे. बायकोच्या मते दोन्हींचा शेवट माळ्यावरच होतो.

कीबोर्ड परदेशातून यायचा होता. तो देशात आला, पण माझ्यापर्यंत येईना. शेवटी पार्सल तपासणीच्या कार्यालयातून बोलावणं आलं. काउंटरपलीकडचे अधिकारी खोक्याकडे संशयाने बघत होते.

"यावर टाइपरायटर लिहिलंय," ते म्हणाले.

"टाइपरायटरसारखा कीबोर्ड आहे साहेब."

"सारखा? आमच्याकडे 'सारखा' असा प्रकार नाही. टाइपरायटर असेल तर यंत्रसामग्रीत जाईल, कीबोर्ड असेल तर कॉम्प्युटरच्या सामानात. काय ते एक ठरवा."

"कीबोर्डच."

"मग याला दांडी कशाला?"

हाच प्रश्न मला गेले कित्येक दिवस पडला होता, त्यामुळे मी मनापासून म्हणालो, "तेच बघायचंय मला."

हे उत्तर त्यांना आवडलं असावं. त्यांनी खोकं फोडलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे काम टाकून आले. आता मुद्दा असा निघाला, की कागदावर उमटलं तर टाइपरायटर, स्क्रीनवर उमटलं तर कीबोर्ड. उमटवून दाखवा. बॅटरी अर्थातच मेलेली होती. मग वायर शोधली, ती त्यांच्याच कॉम्प्युटरला लावली, आणि साहेबांनी एका बोटाने स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. खट् खट् खट्. चेहरा असा खुलला की विचारू नका. मग त्यांनी हात लांबवून, एखाद्या इंजिनड्रायव्हरच्या थाटात, दांडी ओढली.

स्क्रीनवर माझंच प्रकरण उघडं होतं. दांडीसरशी ते मंजूर होऊन बंद झालं. शेऱ्याच्या जागी साहेबांचं पूर्ण नाव गेलं.

साहेबांनी दांडीवरून हात काढला. मग साहेब म्हणाले, "न्या तुम्ही. लवकर न्या."

यातून मी धडा घ्यायला हवा होता, की ही दांडी नुसती ओळ बदलत नाही. पण खोकं काखेत मारून मी इतका खुशीत निघालो की धडा तिथेच काउंटरवर राहिला.

माझी बायको दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. सकाळची पाळी असते, दुपारी घरी. दिवसभर कण्हणारी माणसं बघून तिच्यात एक थंडपणा आलाय. मी टेबलावर कीबोर्ड मांडला आणि मोठ्या आवेशाने एक ओळ बडवली. ती स्वयंपाकघरातून आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय झालंय याला? किती दिवसांपासून दुखतंय?"

"आवाज ऐकलास का? प्रत्येक बटणाखाली वेगळा खटका असतो. स्प्रिंग, एक दट्ट्या, एक पातळ पत्रा. आणि गंमत म्हणजे अक्षर उमटतं ते बटण पूर्ण खाली जायच्या आधीच. अर्ध्या वाटेवर! खटका वाजला की काम झालं, पुढचं दाबणं नुसतं आपल्या समाधानासाठी."

"म्हणजे तुझ्या बोलण्यासारखं," असं म्हणून ती आत गेली.

पहिले काही दिवस मी संध्याकाळी ऑफिसातून आलो की थेट टेबलाशी. लिहायला काही नव्हतंच. मी नुसतं ऐकत होतो. 'क'चा आवाज आणि 'म'चा आवाज एकच आहे का? स्पेसबार एवढा घुमतो का? मी चार अक्षरं दाबायचो, थांबून कान द्यायचो, पुन्हा दोन दाबायचो. आपल्या कुतूहलाचा कोणाला त्रास होत असेल, हे कुतूहल असलेल्या माणसाच्या कधी ध्यानात येत नाही.

मग बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला: 'दुसऱ्या मजल्यावर विनापरवाना सुतारकाम चालू असल्याची तक्रार आहे. संबंधितांनी खुलासा करावा.'

तक्रार खालच्या काकूंची होती. काकू म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर अजूनही सबंध बिल्डिंग खिशातून हात बाहेर काढते. मी ठरवलं, खुलासा करायचा तर याच कीबोर्डवर, व्यवस्थित, ओळी पाडून. टॅबलेट खाचेत बसवला आणि लिहायला लागलो. ओळ संपली की दांडी. ओळ संपली की दांडी. काय छान वाटत होतं!

ग्रुपवर मात्र असं चाललं होतं:

'माननीय सेक्रेटरी साहेब, आपण म्हणता ते खरं आहे'

'असं मला वाटत नाही. आमच्या घरी सुतार'

'आलेला नाही. खालच्या काकूंची झोप उडवण्याचा माझा हेतू'

इथे माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक दांडीला एकेक तुकडा बाहेर पडतोय. वाक्य निदान पुरं तरी करावं म्हणून मी घाईने उरलेला शब्द टाइप करून दांडी ओढली. पण तेवढ्यात सेक्रेटरींनी मध्येच विचारलं होतं, 'आपल्याकडे कामाचा परवाना होता का?'

त्याखाली माझा शब्द जाऊन बसला: 'नव्हता.'

समोरच्या फ्लॅटमधल्या प्रोफेसरांनी लगेच बेल वाजवली. विषय अर्थशास्त्र, पण सल्ला कशावरही. "कबुली द्यायला नको होती तुम्ही," ते म्हणाले. "आधी वकील गाठायचा." मी त्यांना आत आणून प्रकार दाखवला. त्यांनी 'अर्थशास्त्र' हा शब्द टाइप करून बघितला. मग खुर्ची ओढून पुन्हा एकदा टाइप केला.

"खाली टॉवेल घाला," ते म्हणाले.

टॉवेल घातला. कीबोर्ड टॉवेलावरून घसरायला लागला आणि 'ष' गाठेपर्यंत बोट 'श'वर पडायला लागलं. मग त्यांचा दुसरा सल्ला: आतल्या खटक्यांना वंगण द्यायचं. लोक देतात म्हणे, त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. बटणं उपटली, खटके उघडले. प्रत्येकाच्या पोटात नखाएवढी स्प्रिंग. रंगकामाच्या बारीक ब्रशने एकेकीला वंगण लावायचं. इतकं नाजूक, नेटकं आणि कोणाच्या काहीही उपयोगाचं नसलेलं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. जेवायच्या हाका येत होत्या आणि आम्ही दोन कर्ते पुरुष एका उडालेल्या स्प्रिंगसाठी टेबलाखाली रांगत होतो. प्रोफेसर टेबलाखालून म्हणाले, "आपल्याला शाळेत हे का शिकवलं नाही हो?" त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती.

सगळं पुन्हा बसवलं. फरक पडला. आधी खट् वाजायचं, आता ठक् वाजायला लागलं. सुतार जाऊन लोहार आला, एवढंच.

शिवाय बटणं बसवताना 'न' आणि 'ह' यांची अदलाबदल झाली होती. मला न बघता टाइप करता येत नाही. मी अक्षर बघतो, ते दाबतो आणि पुढचं शोधायला लागतो. त्या दिवशी घरून ऑफिसच्या एका पत्राचा मसुदा आमच्या साहेबांना पाठवला. 'आपली झालेली हानी भरपाईस पात्र ठरत नाही' असं मी लिहिलं होतं. साहेबांना पोचलं ते असं: 'आपली झालेली नाही भरपाईस पात्र ठरत हानी.' साहेबांनी फोन केला. "मी हे दोनदा वाचलं," ते म्हणाले. "आपण पैसे देतोय की मागतोय?"

बटणं जागेवर आणेपर्यंत सेक्रेटरी पाहणीसाठी दारात हजर. हातात नियमावली, मागे काकू. काकूंना बघून मी खिशातून हात बाहेर काढले.

सेक्रेटरींनी कीबोर्डची सगळीकडून पाहणी केली. "हे यंत्र आहे का?"

"कीबोर्ड आहे."

"यंत्र असेल तर विश्रांतीच्या वेळेत बंदी. सरळ काम आहे. शिक्का मारतो, विषय संपला."

"थांबा हो जरा," काकू म्हणाल्या. "आवाजाचं मला काही नाही. माझी तक्रार थांबण्याची आहे."

"थांबण्याची?"

"हे सुरू करतात. ठक्ठक् ठक्. आणि गप्प. मी खाली हातात पुस्तक घेऊन बसलेली असते. मनात येतं, आता पुढचा शब्द येईल. येत नाही. मग दोनच अक्षरं येतात, पुन्हा गप्प. अहो, आयुष्यभर मुलांना सांगत आले, वाक्य पूर्ण करा. आणि इथे माझ्या डोक्यावर रोज वाक्यं अर्धी पडतायत!" त्या माझ्याकडे वळल्या. "एवढं अडतंय तरी काय? लिहिताय काय तुम्ही?"

आता 'मी "क" आणि "म" यांच्या आवाजातला फरक ऐकत होतो' हे मुख्याध्यापिकेला कसं सांगणार? सेक्रेटरी बघत होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "कादंबरी."

काकूंचा चेहराच बदलला. "अगं बाई! मग हे यंत्रात कसं धरता हो तुम्ही?" त्या सेक्रेटरींवर उखडल्या.

सेक्रेटरींनी नियमावली उलटसुलट चाळली. लेखनाला कलमच नव्हतं, कारण लेखनाचा आवाज होईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सगळ्यात जवळचं कलम वाद्यांचं निघालं. वाद्य वाजवायला सर्व वेळी परवानगी, पण एक अट. वाजवणाऱ्याने सभासदांच्या वार्षिक मेळाव्यात कला सादर केली पाहिजे. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर एकजण ट्रम्पेट शिकत होता. त्याने वर्षानुवर्षं सराव केला, पण एक सबंध गाणं काही कोणाला ऐकायला मिळालं नाही. त्या संतापातून ते कलम जन्माला आलं होतं.

"म्हणजे तुम्ही मेळाव्यात एक प्रकरण वाचायचं," सेक्रेटरींनी लिहून घेतलं. "नाही वाचलं, तर वस्तू यंत्रात धरली जाईल."

सगळे गेल्यावर बायकोने विचारलं, "कितपत आलीय कादंबरी?"

"विषय ठरतोय."

"हं," ती म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये वेटिंगरूममधली सगळी थंडी होती.

मी खरोखर बसलो हो लिहायला. पण ज्या बोटांना इतकी वर्षं एकच वळण, ती ऐनवेळी वेगळीकडे कशी वळणार? मी लिहिलं: 'सकाळ उजाडली, तथापि'. पुढे सुचेना. खोडून लिहिलं: 'त्याने तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं, तथापि'. नायक प्रेमात पडायच्या आतच नामंजूर होत होता. प्रोफेसर येऊन विचारून जायचे, कादंबरीत अर्थशास्त्राचा प्राध्यापक असेल का, आणि असल्यास त्याला केस आहेत का.

आश्चर्य म्हणजे काकू खूश होत्या. जिन्यात भेटल्या की थांबवायच्या. "आता लय सापडली हो तुम्हाला! काल तर काय सरसर चाललं होतं. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि नुसती ऐकत बसले." मी मान खाली घालून हसायचो. मला वाटायचं, ज्याला आपण अडखळणं म्हणतो ती खालून ऐकणाऱ्याला लय वाटत असेल. प्रतिभावंताला स्वतःचं मोठेपण कुठे कळतं? एक-दोनदा मी 'सुचत जातं आपोआप' असंही म्हणून बसलो.

मेळावा तोंडावर आला आणि माझ्याकडे अर्धं पानसुद्धा नव्हतं. तशात एके दिवशी ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. जिना चढताना बघतो तर काकूंचं दार सताड उघडं. दारातच खुर्ची टाकून, डोळे मिटून काकू बसलेल्या. पावलांच्या आवाजासरशी त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"श्श! रंगात आलेत ते."

वरून आवाज येत होता. ठक्ठक्ठक्ठक्, छोटा श्वास, पुन्हा ठक्ठक्ठक्, आणि मग दांडीचा तो खर्रर्र. कुठे अडणं नाही, शोधणं नाही. शांत झरझर पाऊल टाकत कोणीतरी ओळखीच्या रस्त्याने निघावं, तसं.

काकूंनी डोळे उघडले. मला बघितलं. छताकडे बघितलं. पुन्हा मला बघितलं.

"तुम्ही इथे," त्या म्हणाल्या, "मग वर कोण आहे?"

आम्ही दोघं चोरपावलांनी वर गेलो. स्वतःच्या घराच्या दाराला कान लावून उभं राहण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती, आणि शेजारी मुख्याध्यापिकाही कान लावून उभ्या होत्या, एवढाच आधार. मी हळूच किल्ली फिरवली.

टेबलाशी बायको बसली होती. क्लिनिकमधून आलेली तशीच, पर्स खांद्याला, चष्मा डोक्यावर. खाचेत तिचा टॅबलेट. ती दहाही बोटांनी टाइप करत होती. तिला टाइपिंग येतं हे मला माहीत होतं, पण ते तिला इतकं येतं हे माहीत नव्हतं. तिने ओळ पुरी केली, दांडी ओढली आणि मान न वळवता म्हणाली, "दार लावून घे. येताय तर आत या काकू."

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तू कादंबरी जाहीर केलीस त्याच आठवड्यात. टेबल पुसत होते. म्हटलं, बघू तरी ही दांडी कशी लागते. ओढली. नवी ओळ आली. रिकामी ओळ बघवेना, म्हणून एक वाक्य लिहिलं. मग पुन्हा दांडी." तिने खांदे उडवले. "मग तेच."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू कादंबरीत होतास."

काकू केव्हाच तिच्या मागे जाऊन, चष्मा सावरत वाचायला लागल्या होत्या. वाचता वाचता त्या फस्सकन हसल्या. मला काहीच दिसत नव्हतं, कारण काकू रुंद आहेत. माझ्याच घरात, माझ्याच कीबोर्डवर लिहिलेलं वाचायला मी टाचा उंचावत होतो. मनात काय काय होत होतं ते सांगणं कठीण आहे. अपमान होता, हेवा होता. पण सगळ्यांच्या वर एकच गोष्ट: काय लिहिलंय हिने?

मेळाव्यात सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केलं, "आता दुसऱ्या मजल्यावरून वाद्यवादन." मी उठलो. माझं नाव होतं ना कार्यक्रमात. मी सांगितलं, की कादंबरी मी लिहिलेली नाही, मला फक्त कीबोर्ड आवडतो, आणि जे खालपर्यंत छान ऐकू जात होतं ते हिचं होतं. लोक हसले. प्रोफेसर जरा जास्तच हसले. पण बसताना मला हलकं वाटलं, हे खरं.

बायकोने वाचलं ते दातांच्या दवाखान्यातल्या वेटिंगरूमबद्दल. एक बाई रोज येते. नंबर आला की म्हणते, 'यांना जाऊ द्या आधी, यांना जास्त दुखतंय.' असं करता करता दवाखाना बंद व्हायची वेळ होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. दाढ कधीच दुखायची थांबलीय. पण घरी तिला कोणी विचारत नाही आणि इथे रिसेप्शनवरची रोज विचारते, 'आज कसं आहे?' एवढंच होतं. लोक आधी हसत होते. मग मागच्या रांगेतले पुढे सरकून ऐकायला लागले. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि नियमावलीत काहीतरी लिहिलं. काकू ताठ बसून, ओठ हलवत, शब्दन् शब्द मागोमाग म्हणत होत्या.

मी तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तिला सांगत आलो, आज कोणाला काय सांगून नाही म्हटलं. तिच्या दवाखान्यात कोण येऊन बसतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. बरंच काही विचारायचं होतं, पण जीभ एकाच जागी अडकली होती. शेवटी विचारलंच.

"मी आहे का गं त्यात कुठे?"

"आहेस ना."

"कुठे? काय करतोय?"

तिने गाळणं कपावर धरलं, चहा ओतला आणि माझा कप माझ्याकडे सरकवला.

"बाहेर बाकावर बसलायस," ती म्हणाली. "तुझा नंबर यायचाय अजून."